कॅन्सर ‘आहे’ की ‘होता’? उपचार संपल्यानंतरच्या शब्दांविषयी

केमोची शेवटची सायकल पार पडते, किंवा रेडिएशनचा शेवटचा शेक घेऊन माणूस घरी येतो, आणि त्याच्यापुढे एक व्याकरणाचा प्रश्न उभा राहतो. मला कॅन्सर ‘आहे’ असे सांगायचे, की ‘होता’ असे सांगायचे? भेटायला आलेले नातेवाईक विचारतात, ‘मग आता पूर्ण बरे झालात ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणावे, तर डॉक्टरांनी तो शब्द उच्चारलेला नसतो. ‘माहीत नाही’ म्हणावे, तर विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. फाईल उघडून पाहावी, तर तिथे तिसरेच काही लिहिलेले असते. कुठे ‘एन.ई.डी.’, कुठे ‘रेमिशन’, कुठे नुसतेच ‘ऑन फॉलोअप’, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या कागदावर बहुधा ‘लोकोरीजनली कंट्रोल्ड’, म्हणजे मूळ जागी आणि आसपासच्या भागात आजार आटोक्यात. यांपैकी कोणत्याही शब्दाचा अर्थ सरळ ‘बरा झाला’ असा होत नाही. शरीरात काय उरले आहे, तपासणीला काय दिसले आहे आणि पुढे काय होण्याची शक्यता आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि ‘बरा झाला’ या दोन शब्दांत आपण तिन्हींची उत्तरे एकदम मागत असतो.

आपल्याकडे या आजाराविषयी मुळातच आडवळणाने बोलले जाते. ‘त्यांना टाटाला दाखवले’ एवढे म्हटले की निदान सांगून होते; परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून सुरू आहे आणि त्याचे नाव इतके रुळले आहे की आजाराचे नाव घ्यावेच लागत नाही. ‘गाठ होती, काढून टाकली’, ‘ते ऑपरेशन झाले’ असे मोघम बोलून उपचारांचा काळ निभावून नेता येतो. उपचार संपल्यावर मात्र हेच मोघमपण अंगाशी येऊ लागते. ‘आता काही नाही’ हे वाक्य तेव्हा सर्वाधिक ऐकू येते, आणि ते वारंवार म्हणता म्हणता, तीन महिन्यांनी ठरलेली तपासणी ‘आता काहीच नाही तर कशाला’ म्हणून टाळली जाते. शब्दांचा हा प्रश्न मला एवढा महत्त्वाचा वाटतो, तो यामुळे.

‘एन.ई.डी.’ ही ‘नो एव्हिडन्स ऑफ डिसीज’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. म्हणजे आजाराचा पुरावा आढळला नाही. या वाक्यात जे अध्याहृत आहे ते उच्चारून दाखवले, तर त्याचा खरा अर्थ कळतो: ‘आजच्या तारखेला, आम्ही केलेल्या या तपासण्यांमध्ये, आजाराचा पुरावा आढळला नाही.’ तारीख आणि तपासणी हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, साधारण एक सेंटीमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात. सीटी स्कॅन किंवा एमआरआय काही मिलिमीटरांपर्यंतची गाठ दाखवू शकतो. त्याहून लहान, लाखभर पेशींचा पुंजका एखाद्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) किंवा हाडाच्या आत दडून असला, तर नेहमीच्या स्कॅनला तो दिसत नाही. शस्त्रक्रियेत गाठ समूळ निघाली, काढलेल्या भागाच्या कडाही स्वच्छ आल्या, तरी पुष्कळ रुग्णांना नंतर केमो किंवा रेडिएशन का दिले जाते, याचे उत्तर इथे आहे. ‘सगळी गाठ काढली म्हणता, मग केमो कशाला?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त असतो, आणि त्यावर ‘न दिसणाऱ्या पेशींसाठी’ हेच प्रामाणिक उत्तर असते. त्या पेशी प्रत्येकाच्या शरीरात उरलेल्याच असतात असे नाही. बहुसंख्य रुग्णांत नसतीलही. पण कोणाच्या शरीरात आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे वेगळे करून पाहण्याचे खात्रीचे साधन सगळ्या कॅन्सरांसाठी अजून हाती आलेले नाही.

‘रेमिशन’ हा शब्द प्रामुख्याने रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरला जातो आणि त्याचा इतिहास त्याचा अर्थ समजायला मदत करतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सैल होणे, ओसरणे असा आहे. बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना अ‍ॅमिनोप्टेरिन नावाचे औषध देऊन आजार ओसरल्याचे दाखवले, तेव्हा ती वैद्यकशास्त्रातील मोठी घटना होती, पण ती ओहोटी तात्पुरती होती, आणि फार्बर यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच ‘तात्पुरते’ हा शब्द घातला होता. आज त्याच आजाराची बहुतेक मुले योग्य उपचारांनी कायमची बरी होऊ शकतात. शब्द मात्र तोच राहिला, आणि त्यातला ओसरण्याचा, पुन्हा भरती येऊ शकण्याचा अर्थही राहिला.

ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. पहिल्या महिन्याभराच्या उपचारांनंतर अस्थिमज्जेची तपासणी करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अपरिपक्व पेशींचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी दिसले, रक्तातील नेहमीच्या पेशी पूर्ववत होऊ लागल्या, की ‘कम्प्लिट रेमिशन’ असे लिहितात. ‘कम्प्लिट’ म्हणजे पूर्ण, हे ऐकून घरात पेढे वाटले जातात, आणि वाटायलाही हवेत, कारण तो टप्पा गाठणे सोपे नसते. परंतु त्या क्षणीही शरीरात शेकडो कोटी रोगट पेशी शिल्लक असू शकतात. सूक्ष्मदर्शकाला त्या निरोगी पेशींच्या गर्दीत वेगळ्या ओळखता येत नाहीत, इतकेच. त्यासाठी ‘एम.आर.डी.’ नावाची अधिक बारीक तपासणी करतात, जी दहा हजार पेशींत एक रोगट पेशी असली तरी पकडू शकते. लहान मुलांच्या सर्वसाधारण ल्युकेमियात म्हणूनच रेमिशन पहिल्या महिन्यात येऊनही उपचार दोन ते तीन वर्षे चालवावे लागतात. मूल हसूखेळू लागते, केस उगवू लागतात, कागदावर ‘पूर्ण’ हा शब्द आलेला असतो, गावाकडे शेतीची कामे खोळंबलेली असतात, मुंबईत राहण्याचा खर्च परवडत नसतो, आणि आईवडील परत फिरतात. उपचार अर्धवट सुटण्यामागे पैसा आणि अंतर ही मोठी कारणे आहेतच, पण रेमिशन म्हणजे बरे होणे नव्हे हे वाक्य त्यांना त्यांच्या भाषेत, दोन-तीनदा, शांतपणे कोणी सांगितले होते का, हा प्रश्नही विचारायला हवा.

गाठीच्या कॅन्सरमध्ये औषधोपचारांनंतर जे ‘रिस्पॉन्स’चे शब्द येतात, त्यांना मोजपट्टीचा आधार आहे. २००० साली ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, मोजायला घेतलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी कमी झाली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’, सर्व गाठी दिसेनाशा झाल्या तर ‘कम्प्लिट रिस्पॉन्स’, बेरीज सर्वांत कमी होती तिच्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ दिसली तर ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’, आणि या कशातच न बसणारी स्थिती म्हणजे ‘स्टेबल डिसीज’. ‘स्टेबल’ हा शब्द आपल्याला अतिदक्षता विभागातून परिचित असल्यामुळे तो ऐकून नातेवाईक एकतर फार निश्चिंत होतात, नाहीतर औषध लागूच पडले नाही असे समजून खचतात. प्रत्यक्षात अनेक पसरलेल्या कॅन्सरांत गाठी महिनोन्‌महिने आहेत तेवढ्याच राहणे, हे औषध काम करत असल्याचे लक्षण असते.

याच्या उलट, गाठ दिसत असूनही आजार नसणे ही स्थितीही असते, आणि ती समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये छातीत मोठी गाठ असलेल्या रुग्णाचे उपचार संपल्यावर तिथे काही सेंटीमीटरचा गोळा उरलेला दिसू शकतो. पुष्कळदा तो व्रणासारख्या तंतुमय ऊतीचा असतो. जखम भरल्यावर कातडीवर वण राहावा, तसा. पेट स्कॅन गाठीचा आकार दाखवून थांबत नाही, ती साखरेसारखे द्रव्य किती शोषून घेते हेही दाखवतो, आणि २००९ मध्ये फ्रान्समधील दोव्हिल या गावी झालेल्या बैठकीतून पुढे आलेल्या पाच पायऱ्यांच्या मापनात पहिल्या तीन पायऱ्यांपैकी एखादी आली, तर गोळा उरला असला तरी सामान्यतः आजार निवळल्याचे धरले जाते. अशा रिपोर्टमध्ये ‘रेसिड्युअल मास’ आणि ‘कम्प्लिट मेटाबॉलिक रिस्पॉन्स’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. पहिला वाचून रुग्णाची झोप उडते आणि दुसऱ्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

‘निगेटिव्ह’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठी घरांत रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो, असे समीकरण पक्के आहे. ‘मार्जिन निगेटिव्ह’ म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला रोगट पेशी नाहीत, आणि ‘नोड निगेटिव्ह’ म्हणजे तपासलेल्या लसिकाग्रंथींमध्ये आजार पोहोचलेला आढळला नाही. या दोन्ही चांगल्या बातम्या आहेत. पण स्तनाच्या कॅन्सरमधला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा शब्द आजार आहे की नाही याविषयी काहीच सांगत नाही. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू हे तीन ग्राहक (रिसेप्टर) त्या पेशींवर आढळले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ; त्यामुळे त्या ग्राहकांवर काम करणारी औषधे तिथे उपयोगी पडत नाहीत. तिन्ही निगेटिव्ह आले म्हणून आनंदलेल्या कुटुंबाला हे नंतर समजावणे फार जड जाते.

आता ‘बरा झाला’ या शब्दाकडे यायला हरकत नाही. डॉक्टरांच्या भाषेतील ‘क्युअर’ ही कल्पना बरीचशी समूहावरून आलेली आहे. एखाद्या कॅन्सरचे हजारो रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले असता, एका टप्प्यानंतर त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांइतके झाले, तर त्या टप्प्याच्या पुढे पोहोचलेले रुग्ण बरे झाले असे म्हणता येते. हा टप्पा प्रत्येक कॅन्सरचा वेगळा असतो. वृषणाच्या कॅन्सरमध्ये आजार परतायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. तोंडाच्या कॅन्सरमध्येही परतण्याचा मुख्य धोका पहिल्या दोन-तीन वर्षांतच असतो, म्हणून त्या काळात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणीला बोलावतात आणि पुढे अंतर वाढवत नेतात. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचे गणित मात्र निराळे आहे. पाच वर्षे हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी घेऊन आजारमुक्त राहिलेल्या हजारो स्त्रियांचा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात आजार पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अगदी संथपणे, पण सतत परतत राहिल्याचे दिसले. सुरुवातीला गाठ किती मोठी होती आणि किती ग्रंथींत पोहोचली होती, यावर ते प्रमाण अवलंबून होते.

तेव्हा ‘पाच वर्षे झाली की सुटलो’ ही समजूत काही कॅन्सरांना लागू पडते आणि काहींना नाही. पाच वर्षांचा आकडा आला तो आकडेवारीच्या सोयीतून. वेगवेगळ्या रुग्णालयांचे आणि देशांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती तिथे ओढली गेली. निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, हे त्यातून कळते. त्यांपैकी कोण आजारमुक्त आहे आणि कोण अजून औषधे घेत आहे, हे त्यातून कळत नाही. तरीही त्या दिवशी कोणी सत्यनारायण घातला, तर त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती त्यानंतर फाईल माळ्यावर टाकण्यात. विशेषतः तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तोंडाचे सगळेच अस्तर वर्षानुवर्षे त्या माऱ्याखाली गेलेले असते, आणि त्यामुळे जुना कॅन्सर पूर्ण बरा झाल्यानंतरही त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा कॅन्सर उद्भवू शकतो. त्याला ‘परत आला’ असे म्हणणे चुकीचे आहे. तो नवा आजार असतो, लवकर सापडला तर पुन्हा बरा होण्याची संधी असलेला.

‘उपचार संपले’ हे शब्द तरी निःसंदिग्ध आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. पण स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन आटोपलेली एखादी बाई पुढची पाच ते दहा वर्षे रोज टॅमॉक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या औषधाची किंवा तशाच दुसऱ्या औषधाची गोळी घेत असते. तिचे उपचार संपले म्हणायचे का? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला २००१ मध्ये बाजारात आलेल्या इमॅटिनिबने आणि त्यानंतरच्या औषधांनी जवळपास नेहमीसारखे आयुष्य दिले आहे, तरी बहुतेकांना गोळी रोज घ्यावी लागते. त्यांपैकी ज्यांच्या रक्तात काही वर्षे आजाराची जनुकीय खूण जवळजवळ शून्यावर राहते, अशांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहतात. सुमारे निम्म्या जणांत आजार परत डोके वर काढतो आणि गोळी सुरू करताच बहुतेकांचा पुन्हा आटोक्यात येतो. उरलेल्यांच्या स्थितीला ‘औषधाविना रेमिशन’ असे नाव आहे. तिथेही ‘बरा’ हा शब्द डॉक्टर अजून जपूनच वापरतात.

‘सर्व्हायव्हर’ हा शब्द आजाराऐवजी माणसाविषयी बोलतो, आणि तो रुजवण्यात एका डॉक्टर-रुग्णाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील डॉ. फिट्झह्यू मलन यांना ऐन तिशीत छातीत कॅन्सर झाला. १९८५ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की रुग्ण एकतर ‘बरा झालेला’ नाहीतर ‘बरा न झालेला’ असे दोनच खाने मानणे खऱ्या अनुभवाशी जुळत नाही; त्याऐवजी निदान आणि उपचारांचा पहिला काळ, उपचार संपल्यानंतर धास्तीने वाट पाहण्याचा मधला काळ, आणि हळूहळू येणारा स्थिरतेचा काळ, असे ऋतू मानावेत. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या संघटनेने निदानाच्या दिवसापासून पुढचे सगळे आयुष्य ‘सर्व्हायव्हर’ या शब्दात सामावून घेतले. मराठीत त्याला सोयीचा प्रतिशब्द नाही. ‘वाचलेला’ म्हटले की अपघात आठवतो. ‘कॅन्सरवर मात केलेली’ आणि ‘कॅन्सरयोद्धा’ हे शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केले आहेत, आणि ज्यांना त्यातून बळ मिळते त्यांनी ते जरूर वापरावेत. माझी अडचण एवढीच आहे, की ‘मात केली’ म्हटल्यावर ज्याचा आजार परतला तो हरला असा अर्थ आपोआप निघतो, आणि त्या माणसाने काहीही कमी केलेले नसते. उपचार घेतलेल्या माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे, हे त्याने ठरवावे. इतरांनी शब्द बहाल करण्याआधी एकदा विचारावे.

ज्यांच्या बाबतीत ‘होता’ हा शब्द बहुधा येणारच नाही, त्यांच्यासाठी तर आपल्याकडे शब्द शोधण्याचीही सवय नाही. चौथ्या टप्प्यातील कॅन्सरसह औषधांवर वर्षानुवर्षे नोकरी करणारी, मुलांच्या परीक्षा घेणारी माणसे आपल्या आसपास आहेत. ‘बरे झालात ना?’ या प्रश्नाला त्यांना दरवेळी खोटे तरी बोलावे लागते किंवा समोरच्याला धक्का तरी द्यावा लागतो. ‘मला शुगर आहे, कंट्रोलमध्ये आहे’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि सहज ऐकतो. ‘कॅन्सर आहे, आटोक्यात आहे’ हेही वाक्य मराठीत पूर्णपणे बरोबर आहे. ते ऐकण्याचा सराव व्हायला हवा.

व्यवहारात शब्द कोणासमोर उच्चारायचा यावरही बरेच ठरते. शेजाऱ्यांना ‘उपचार पूर्ण झाले, रिपोर्ट चांगले आहेत, तपासण्या चालू आहेत’ एवढे सांगणे खरेही आहे आणि पुरेसेही. विम्याच्या अर्जावर मात्र ‘आता काही नाही’ चालत नाही. तिथे पूर्वी झालेल्या आजाराचीही माहिती विचारलेली असते आणि ती दडवली तर पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे आरोग्यविम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला गेला आहे. फ्रान्सने २०२२ च्या कायद्याने याच्या पुढे पाऊल टाकले: उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार परतला नसेल, तर घरकर्जाच्या विम्यासाठी कॅन्सरचा उल्लेख करण्याची सक्ती उरत नाही. तिथे कायद्यानेच ठरावीक दिवसानंतर ‘आहे’चा ‘होता’ केला, आणि ‘होता’ हेही न सांगण्याचा हक्क दिला.

डॉक्टरांसमोर मात्र ‘होता’ हा शब्द कधीच जुना होत नाही. टाटा रुग्णालयात १९९१ पासून लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ चालते, जिथे उपचार पूर्ण होऊन निदान दोन वर्षे झालेली मुले दरवर्षी येतात आणि मोठेपणीही येत राहतात. त्यांचा कॅन्सर खऱ्या अर्थाने गेलेला असतो. पाहायचे असते ते उपचारांचे मागे राहिलेले परिणाम. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाने हृदयाची ताकद पुष्कळ वर्षांनी कमी होऊ शकते. किशोरवयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांहून अधिक असतो, आणि त्यांची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा बरीच लवकर सुरू करावी लागते. पंचवीस वर्षांची एखादी तरुणी बाळंतपणासाठी नाव नोंदवायला जाते आणि ‘लहानपणी काहीतरी आजार होता, आता काही नाही’ असे सांगते, तेव्हा समोरच्या डॉक्टरला तिचे हृदय तपासून घेण्याचे कारणच उरत नाही. तिच्या जवळ एक पान असायला हवे: आजाराचे नाव, निदानाची आणि शेवटच्या उपचाराची तारीख, दिलेल्या औषधांची नावे आणि त्यांचे एकूण प्रमाण, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागावर किती दिले, आणि कोणत्या तपासण्या किती वर्षांनी करायच्या. उपचार जिथे झाले त्या रुग्णालयाकडे असा सारांश मागता येतो, आणि तो मागण्यासाठी शेवटच्या सायकलनंतरची पहिली भेट ही सर्वांत सोयीची वेळ असते, कारण तेव्हा फाईल टेबलावर उघडीच असते.